शाळेच्या नावाचा सातबारा: जिल्हा परिषद शाळेसाठी सरकारी जमीन कशी मागायची

मी त्या गावात मुख्याध्यापिका म्हणून हजर झाले, त्याच वर्षी शाळेला दोन नव्या वर्गखोल्या मंजूर झाल्या होत्या. पंचायत समितीतून अभियंता साहेब आले. त्यांनी टेप लावून जागा पाहिली, खडूने भिंतीवर दोन आकडे लिहिले आणि विचारलं, “बाई, सातबारा आहे ना?” मी कपाट उघडलं. जुनी जनरल रजिस्टरं होती, हजेरीपट होते, शेरेबुक होतं. सातबारा नव्हता. तलाठ्यांकडून उतारा काढला, तर शाळा ज्या गटात उभी होती त्यावर गावातल्या एका शेतकऱ्याचं नाव निघालं. ते गृहस्थ वारून बरीच वर्षं झाली होती. त्यांनी शाळेसाठी जागा दिली हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण कागदावर कुठेच नव्हतं. त्या वर्षी आमच्या खोल्या दुसऱ्या गावाला गेल्या, आणि तिसरी-चौथीची मुलं आणखी दोन पावसाळे मारुतीच्या देवळात बसली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी तीन शाळांच्या जमिनीची प्रकरणं शेवटपर्यंत नेली. नव्याने निवडून आलेले सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे नवे अध्यक्ष किंवा नुकतेच बदलून आलेले मुख्याध्यापक यांना पहिल्या दिवशी कुठून सुरुवात करायची हेच कळत नाही. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा

इथेच पहिली चूक होते. ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, अमुक गाव’ या नावाने जमीन मागितली जाते. शाळा ही जिल्हा परिषदेची संस्था आहे. जमीन धारण करू शकते ती जिल्हा परिषद. त्यामुळे मागणी जिल्हा परिषदेच्या नावाने आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या सहीने जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवी. मुख्याध्यापकांनी थेट तहसीलदारांना दिलेला अर्ज बहुतेक वेळा ‘सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत सादर करावा’ असा शेरा घेऊन परत येतो आणि सहा महिने वाया जातात.

म्हणजे वाट अशी: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मग गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मुख्य कार्यकारी अधिकारी आणि तिथून जिल्हाधिकारी. समितीचा ठराव म्हणजे नुसती औपचारिकता समजू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे ही समिती नेमलेली असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा करणं हे या समितीचं काम आहे. जमिनीची गरज त्या आराखड्यात लिहिलेली असेल, तर पुढच्या प्रत्येक टेबलावर “गरज काय?” या प्रश्नाला तयार उत्तर मिळतं.

पहिली पायरी: आज शाळा कोणाच्या जमिनीवर उभी आहे ते शोधा

नवी जमीन मागण्याआधी जुनीची चौकशी करा. जागा आपलीच आहे आणि फक्त नोंद राहिली आहे, असंही पुष्कळदा निघतं.

गट क्रमांक माहीत नसेल तर तलाठ्यांकडचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) गाव नकाशा उघडून बघा. महाभूनकाशावर घरबसल्याही दिसतो, पण मी गावचा नकाशा समोर पसरून, शाळेच्या पायरीवर उभं राहून दिशा जुळवून पाहायला सांगेन. मग त्या गटाचा सातबारा काढा. शाळा गावठाणात असेल तर सातबारा नसतो. तिथे नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका (गावठाणातल्या जागेचा मालकी उतारा) असते. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन अनेक गावठाणांच्या मिळकत पत्रिका नव्याने तयार झाल्या आहेत, तेव्हा तुमच्या गावाची झाली आहे का ते भूमि अभिलेख कार्यालयात विचारा. झाली असेल तर त्या पत्रिकेवर धारक म्हणून कोणाचं नाव लागलंय ते डोळ्यात तेल घालून वाचा. एका गावात शाळेच्या मागचं अंगण शेजारच्या घराच्या पत्रिकेत गेलेलं मी पाहिलं आहे. वेळेत हरकत घेतली म्हणून ते सुटलं.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही. ती करआकारणीची नोंद आहे. ‘नमुना ८ वर शाळेचं नाव आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

सातबाऱ्यावर खासगी माणसाचं नाव निघालं तर घाबरून जाऊ नका, पण टाळूही नका. १९५०-६० च्या दशकात कितीतरी शाळा तोंडी दानावर उभ्या राहिल्या. देणाऱ्याने मोठ्या मनाने “घ्या, पोरं शिकू द्या” म्हटलं, नारळ फुटला, कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या. मात्र मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे स्थावर मिळकतीचं बक्षीस नोंदणीकृत दस्ताने आणि दोन साक्षीदारांसमोर व्हावं लागतं. तोंडी दान कायद्यात टिकत नाही. नातवंडांच्या काळात रस्ता पक्का होतो, जमिनीला भाव येतो आणि एखाद्या सकाळी मैदानाच्या कडेने ट्रॅक्टर फिरलेला दिसतो. “साठ वर्षं शाळा इथेच आहे, आता जागा आपलीच” या समजावर विसंबू नका. हिमाचल प्रदेशातल्या एका वृद्धेच्या जमिनीतून सरकारने मोबदला न देता रस्ता काढला होता. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट म्हटलं, की नुसत्या ताब्याच्या जोरावर सरकार नागरिकाच्या जमिनीचं मालक होऊ शकत नाही.

यावर उपाय एकच. वारसांकडे जा, आणि चांगुलपणाने जा. आमच्या गावात आम्ही त्या शेतकऱ्याच्या धाकट्या मुलाकडे गेलो, तेव्हा ते पडवीत बैलाच्या वेसणीला दोर ओवत बसले होते. समितीच्या अध्यक्ष ताई त्यांना म्हणाल्या, “दादा, तुमच्या आबांचं नाव आम्हाला शाळेच्या दारावर लावायचंय. पण त्याआधी कागद करून द्या.” ते काहीच बोलले नाहीत, आत जाऊन आईला विचारून आले, आणि मग म्हणाले, “कधी यायचं दुय्यम निबंधकाकडं?” सगळ्या वारसांच्या सह्यांनी बक्षीसपत्र नोंदवलं गेलं. सगळेच इतके सरळ भेटत नाहीत हे खरं, पण दानशूर घराला त्याचा मान आधी दिला, तर बरंच काम हलकं होतं. जमीन इनाम, वतन, वर्ग २ (परवानगीशिवाय विकता किंवा देता न येणारी) किंवा आदिवासी खातेदाराची असेल तर दस्तापूर्वी महसूल खात्याची परवानगी लागते. तुकडेबंदीचा (शेतजमिनीचे फार लहान तुकडे करायला असलेल्या बंदीचा) प्रश्न येतो का, तेही निबंधकांना आधीच विचारून घ्या.

दुसरी पायरी: गावात सरकारी जमीन कोणती आणि कोणत्या जातीची

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे, जी जमीन कोणाच्याही कायदेशीर मालकीची नाही ती राज्य शासनाची. गावात अशी जमीन किती आहे ते पाहायला तलाठ्यांकडे गाव नमुना १-ब मागा. ही बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची नोंदवही. १-अ मध्ये वनजमिनी असतात आणि १-ई मध्ये अतिक्रमणं. ही तिन्ही पुस्तकं एकदा शेजारी ठेवून वाचली, की गावाचा खरा नकाशा समजतो. १-ब मध्ये दिसणारी छान चौकोनी जमीन १-ई मध्ये अर्ध्याहून अधिक गेलेली असते, हेही तिथेच कळतं. अतिक्रमण असलेला तुकडा शक्यतो मागू नका. अतिक्रमण काढायचा अधिकार महसूल खात्याला आहे, पण तोवर तुमची मुलं चौथी पास होऊन जातील.

सरकारी जमीन सगळी सारखी नसते. साधी सरकारी पड असेल तर प्रकरण त्यातल्या त्यात सरळ चालतं. गावठाण विस्तारात किंवा पुनर्वसित गावठाणात बहुधा आराखड्यातच शाळेचा भूखंड दाखवलेला असतो. धरणग्रस्तांच्या वसाहतींत तर शाळा ही द्यावयाच्या नागरी सुविधांपैकीच एक आहे. तिथे नवी जमीन मागायची नसून दाखवलेल्या भूखंडाचा ताबा आणि नोंद मागायची असते. हा फरक लक्षात न आल्यामुळे लोक उगाच लांबची वाट धरतात. पाटबंधारे, बांधकाम किंवा दुसऱ्या एखाद्या खात्याच्या नावावर जमीन असेल तर आधी त्या खात्याचं ना हरकत पत्र लागतं आणि जमीन महसूल खात्याकडे परत येऊन मग शाळेला मिळते. एकाऐवजी दोन प्रकरणं झाली असं समजून चला.

गायरानाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण गावाला पहिलं आठवतं ते गायरानच. “एवढं गायरान पडलंय, त्यातलं घ्या की बाई,” असं मला प्रत्येक गावात ऐकायला मिळालं. गायरान म्हणजे संहितेच्या कलम २२ खाली गुरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवलेली जमीन. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांबद्दल कडक निकाल दिला. पाठोपाठ १२ जुलै २०११ रोजी महाराष्ट्र शासनाचा निर्णय आला, आणि पुढे संहितेतच कलम २२-अ घातलं गेलं. सार असं, की गायरान दुसऱ्या कामाला वळवायचं नाही. सार्वजनिक प्रयोजन असेल आणि दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्धच नसेल तेव्हाच अपवाद. जिल्हा परिषदेची शाळा हे सार्वजनिक प्रयोजन आहे, पण ‘दुसरी योग्य सरकारी जमीन नाही’ हे तहसीलदारांच्या अहवालात स्वच्छ लिहून यावं लागतं. ते वाक्य नसेल तर प्रकरण वरून खाली येतंच येतं. आणि गायरानावर ज्यांची गुरं खरोखर चरतात त्या घरांशी आधी बोला. शाळेसाठी धनगरवाड्यावरच्या शेळ्या बेघर करणं मला पटत नाही. त्याच घरांतली मुलं आपल्या पटावर असतात.

डोंगराळ, जंगलपट्ट्यातल्या गावांत बहुतेक सगळी मोकळी जमीन वनखात्याची असते. तिथे वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) उपयोगी पडतं. शाळा, अंगणवाडी, दवाखाना अशा ठरलेल्या सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन त्याखाली वळवता येते. अटी दोन: हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. प्रस्ताव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडे जातो. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या शिक्षकांनी हे कलम पाठ करून ठेवावं. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असेल तर जास्तच जपून. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच मानायच्या असं सांगितलं, आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांना वेगळी वागणूक दिली. म्हणून अशा जागेवरच्या जुन्या शाळेने आपला १९९६ पूर्वीचा एखादा तरी आदेश, ठराव किंवा बांधकामाचा कागद शोधून जपून ठेवावा.

तिसरी पायरी: किती जमीन हवी

लोक ‘एक एकर’ म्हणून मोकळे होतात. आकड्यामागे हिशेब दाखवा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत दर शिक्षकामागे एक वर्गखोली, कार्यालय, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, पोषण आहाराचं स्वयंपाकघर, अडथळ्याविना येण्याजाण्याची सोय, मैदान आणि कुंपण हे सगळं आहे. ते कागदावर काढा. खो-खोचं मैदान २७ मीटर बाय १६ मीटर, म्हणजे ४३२ चौरस मीटर झालं. कबड्डीचं १३ बाय १० म्हणजे १३०. कडेने मोकळी जागा हवी ती वेगळी. पुढे पट वाढला तर खोल्या कुठे घेणार, तीही जागा आखून दाखवा. आमच्या एका पालकांनी वहीच्या चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे दोन मीटर धरून सगळी शाळा रेखाटली होती. अर्जाला तोच कागद जोडला होता. मंडळ अधिकाऱ्यांनी पंचनाम्याच्या वेळी तो हातात घेऊन जागेवर पावलं मोजली.

क्षेत्र आरमध्ये लिहा. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१ ला थोडं जास्त. बोलताना दोन्ही एकच, पण आदेशात आणि मोजणीत एकच नाहीत.

चौथी पायरी: ग्रामसभेचा ठराव

सगळ्या प्रकरणाचा पाया हा आहे, आणि सगळ्यात जास्त त्रुटी यातच निघतात. मासिक सभेचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव वेगळा. जमिनीसाठी ग्रामसभेचाच घ्या. गणपूर्ती बघा: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या. हजेरीच्या सह्यांची प्रत ठरावासोबत लावा. सभेच्या विषयपत्रिकेवर विषय आधी घालून घ्या. ‘ऐनवेळच्या विषयात’ घेतलेल्या जमिनीच्या ठरावावर कोणी हरकत घेतली तर उत्तर देणं अवघड जातं. पेसा क्षेत्रात (ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात) ग्रामसभेचं वजन आणखी मोठं आहे. तिथे पाड्यापाड्याला माहिती देऊनच सभा घ्या.

ठरावाचे शब्द मोघम नकोत. आम्ही असे लिहीत असू:

“मौजे …, ता. …, जि. … येथील गट क्र. …, एकूण क्षेत्र … हे. … आर पैकी … आर क्षेत्र, चतुःसीमा पूर्वेस …, पश्चिमेस …, दक्षिणेस …, उत्तरेस …, हे जिल्हा परिषद प्राथमिक शाळेची इमारत, क्रीडांगण व अनुषंगिक सोयी यांसाठी जिल्हा परिषदेस मिळावे, यास ही ग्रामसभा संमती देत आहे. सदर क्षेत्रावर अतिक्रमण नाही. सूचक … अनुमोदक …”

‘क्रीडांगण’ हा शब्द विसरू नका. मागणीत फक्त ‘शाळा इमारत’ असेल तर आदेशातही तेवढंच येतं, आणि मैदानाच्या जागेवर उद्या पाण्याची टाकी बसली तर बोलायला तोंड राहत नाही.

पाचवी पायरी: प्रस्ताव आणि त्याचा प्रवास

प्रस्तावात काय काय असावं: मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं मागणीपत्र, समितीचा आणि ग्रामसभेचा ठराव, चालू सातबारा, संबंधित फेरफार (सातबाऱ्यावर झालेल्या बदलांच्या नोंदी), १-ब चा उतारा, गाव नकाशा आणि गट नकाशा, मागणीचं क्षेत्र लाल शाईने दाखवलेला कच्चा नकाशा, शाळेचा पट, यू-डायसची (शाळेच्या वार्षिक सरकारी माहितीपत्रकाची) प्रत, विकास आराखडा, जागेचे फोटो, आणि बांधकामाला पैसा कुठून येणार याचं पत्र. हे शेवटचं पत्र पुष्कळजण लावत नाहीत. जमीन घेऊन ती पडून राहणार नाही ना, हे महसूल खात्याला जाणून घ्यायचं असतं आणि त्यात गैर काहीच नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयातून प्रकरण आधी खाली उतरतं: उपविभागीय अधिकारी, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी. तलाठी आणि मंडळ अधिकारी स्थळपाहणी करून पंचनामा करतात. गावात जाहीरनामा लागतो आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. भूमि अभिलेखची मोजणी, नगररचनाचा मूल्यांकनाचा आणि विकास आराखड्याबद्दलचा अभिप्राय, बांधकाम विभागाचा अभिप्राय, गरजेप्रमाणे वनखात्याचा. मग तीच फाईल एकेक पायरी वर चढते. शेवटचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडे होणार, विभागीय आयुक्तांकडे की मंत्रालयात, हे जमिनीचा प्रकार, किंमत आणि सवलत यांवर ठरतं.

पाठपुराव्याची माझी पद्धत साधी होती. एक दोनशे पानी वही. डाव्या पानावर तारीख, टेबल आणि आवक क्रमांक, उजव्या पानावर काय सांगितलं गेलं ते. पोच घेतल्याशिवाय एकही कागद दिला नाही. फाईल कुठल्या टेबलावर आहे हे आवक क्रमांक सांगितला की पाच मिनिटांत कळतं, नाहीतर “पुढच्या आठवड्यात या” हेच उत्तर. त्रुटीपत्र आलं तर वाईट वाटून घेऊ नका. त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला क्रमांक देऊन, एकाच पत्रात, जोडपत्रांसह उत्तर द्या. दोन मुद्द्यांचं आज आणि एकाचं नंतर असं केलं की नवी त्रुटी निघते. जुनी कागदपत्रं सापडत नसतील तर माहिती अधिकारात मागा. १० रुपये फी आणि ३० दिवस.

मुख्याध्यापकांची बदली होते आणि प्रकरण तिथेच थांबतं. समितीची मुदतही दोन वर्षांची. म्हणून वही आणि कागदांचा एक पूर्ण संच समितीकडे, दुसरा शाळेत. नव्या माणसाला पदभार देताना जमिनीची फाईल यादीत स्वतंत्र ओळीवर लिहून द्या.

मोजणीचा दिवस

मोजणीला गावाने हजर राहावं, निदान समितीने आणि लगतच्या सगळ्या खातेदारांनी. त्यांना नोटिसा जातातच, पण तुम्ही स्वतः घरी जाऊन सांगून या.

माझ्या दुसऱ्या प्रकरणात भूकरमापकांनी यंत्र लावलं आणि पश्चिमेची खूण नेमकी एका पायवाटेच्या पलीकडे आली. एक आजी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन तिथेच थांबल्या. त्यांचं शेत मागे होतं आणि वर्षानुवर्षांची ती एकच वाट. त्या भांडल्या नाहीत, फक्त विचारलं, “मग मी कुठून जाऊ?” आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. समितीने तिथल्या तिथे ठरवून ती वाट सोडून मागणीची हद्द आत घेतली, भूकरमापकांनी नकाशात रस्ता मोकळा दाखवला, पंचनाम्यात तसं लिहिलं गेलं. क्षेत्र दीड आर कमी झालं. पण जाहीरनाम्यावर त्या बाजूने एकही हरकत आली नाही, आणि आजींचा नातू पुढे त्याच वाटेने शाळेत येऊ लागला.

मोजणीनंतर ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, मिळते. ती मूळ रूपात जपा, झेरॉक्सवर भागवू नका. हद्दीच्या खुणांवर त्याच आठवड्यात दगड पुरा.

सहावी पायरी: जमीन कोणत्या रूपात मिळते

तीन रूपं आहेत आणि आदेशात कोणतं आहे ते कळायला हवं. पहिलं, जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली जमीन शाळेच्या प्रयोजनासाठी राखून ठेवणं. मालकी शासनाचीच राहते, वापर शाळेचा. दुसरं, कलम ४० आणि सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीचे १९७१ चे नियम यांच्या आधारे जिल्हा परिषदेला जमीन प्रदान करणं. नफ्याचा हेतू नसलेल्या शाळेसारख्या कामाला स्थानिक संस्थेला कब्जेहक्काची किंमत (जमिनीच्या ताब्याबद्दल शासनाला भरायची रक्कम) आणि महसूल माफ करून जमीन देता येते. म्हणून मागणीपत्रात ही माफी शब्दांत मागा. न मागता मिळेल असं धरून चालू नका. अशी जमीन सामान्यतः भोगवटादार वर्ग २ म्हणून लागते. तिसरं, भाडेपट्टा. तो मुख्यतः खासगी शिक्षणसंस्थांना लागू पडतो. त्यांच्यासाठी दर, मुदत आणि नूतनीकरणाच्या अटी वेगळ्या असतात, तो स्वतंत्र विषय आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला भाडेपट्टा देऊ केला तर मुदत संपल्यावर काय, हे सही करण्याआधी लेखी विचारा.

शहरात गोष्ट निराळी. तिथे विकास आराखड्यात प्राथमिक शाळा आणि क्रीडांगणाचं आरक्षण असतं. आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊन आरक्षण संपवण्याच्या मार्गाला लागू शकतो. नगरपालिका शाळांच्या पालकांनी आपल्या प्रभागातल्या आरक्षणांची तारीख माहीत करून घ्यावी. ती गेली की परत येत नाही.

सातवी पायरी: आदेश हातात आल्यावर

आदेश आला की पेढे वाटतात, फोटो निघतो आणि आदेश कपाटात जातो. पन्नास वर्षांनी दुसरी एखादी बाई कपाट उघडेल, तेव्हा तिलाही सातबारा सापडणार नाही. म्हणून त्याच दिवशी पुढचं काम धरा.

आदेश ओळ न ओळ वाचा. गट क्रमांक बरोबर आहे का, क्षेत्र अंकी आणि अक्षरी जुळतं का, प्रयोजनात क्रीडांगण आहे का, बांधकाम किती मुदतीत करायचं आहे. अंकाची चूक असेल तर शुद्धिपत्रक लगेच मागा. मग मंडळ अधिकाऱ्यांकडून जागेवर ताबा घ्या आणि ताबे पावतीवर चतुःसीमा लिहून घ्या. त्यानंतर फेरफार. तलाठ्यांकडे आदेश आणि ताबे पावतीची प्रत देऊन गाव नमुना ६ मध्ये नोंद घ्यायला लावा. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मोठ्या गटातला तुकडा मिळाला असेल तर भूमि अभिलेखकडून कमी-जास्त पत्रक (गटाच्या क्षेत्रातला बदल दाखवणारा कागद) होऊन हिस्सा वेगळा पडावा लागतो, तेव्हा कुठे स्वतंत्र सातबारा तयार होतो. या शेवटच्या टप्प्यात मला एका प्रकरणात आठ महिने लागले. आदेश मिळायला लागले त्यापेक्षा हे आठ महिने मला जास्त जड गेले, कारण आता गावाला वाटत होतं काम झालं, आणि मी एकटीच हेलपाटे घालत होते.

अटी पाळणं हेही कामच आहे. ज्या प्रयोजनासाठी जमीन दिली त्याशिवाय दुसरा वापर परवानगीविना करायचा नाही, गहाण नाही, विक्री नाही, पोटभाडं नाही. शर्तभंग झाला तर जमीन शासनजमा होऊ शकते. गावातल्या चांगल्या माणसांकडूनच हा दबाव येतो: कडेला दोन दुकानगाळे काढू, टॉवर बसवू, शाळेला उत्पन्न होईल. हेतू चांगला असला तरी आदेश काढून वाचून दाखवा आणि नाही म्हणा.

मागणी नामंजूर झाली तर आदेशाची प्रमाणित प्रत लगेच मागा. संहितेच्या कलम २४७ खाली अपील करता येतं. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध ९० दिवसांत. अपील करायचं की कारण दूर करून नव्याने प्रस्ताव द्यायचा, हे जिल्हा परिषदेच्या विधी शाखेला विचारून ठरवा. नुसता एखादा अहवाल अपुरा म्हणून नामंजूर झालं असेल तर नवा प्रस्ताव बहुधा लवकर मार्गी लागतो.

नवा सातबारा निघाला की त्याच्या तीन डिजिटल सहीच्या प्रती काढा. एक शाळेच्या कार्यालयात, आदेश, ‘क’ प्रत, ताबे पावती आणि फेरफार यांच्यासह एकाच फाईलमध्ये. एक ग्रामपंचायतीत. एक गटशिक्षण कार्यालयात, पोच घेऊन. आणि दर वर्षी १५ जूनच्या सुमारास, शाळा उघडते त्या आठवड्यात, नवा उतारा काढून तीच नावं, तेच क्षेत्र आहे ना ते समितीच्या पहिल्या सभेत मोठ्याने वाचा. आमच्या शाळेत हे वाचन सातवीतली मुलगी करायची. गट क्रमांक, क्षेत्र, चार दिशा. मग सगळी सभा उठून हद्दीच्या चारही दगडांपर्यंत चालत जाऊन यायची.